तीन आठवडे भिजवून

गेल्या उन्हाळ्यात यवतमाळला पशुधन अधिकाऱ्यांच्या एका प्रशिक्षणाला मला पाहुणा म्हणून बोलावलं होतं. शाल, नारळ, गुच्छ, सगळं रीतसर झालं. 'जनावरांच्या पोटात उभं आयुष्य घालवलेला माणूस' अशी माझी ओळख करून दिली. लोक हसले. मीही हसलो. हा विनोद मी निवृत्तीच्या कितीतरी आधीपासून ऐकत आलो आहे आणि तो खोटाही नाही. गुरांनी खाल्लेल्या चाऱ्याचं पोटात काय होतं, यापलीकडे मी आयुष्यात फारसं काही केलं नाही.

त्यानंतर एका तरुण अधिकाऱ्याचं भाषण होतं. मुलगा हुशार होता. पडद्यावर चित्रं दाखवत तो निकृष्ट चारा सुधारायच्या पद्धती सांगत होता. मध्येच एक व्यंगचित्र आलं. आडवा पडलेला बैल, चारही पाय वर, शेजारी युरियाची पोती, आणि तोंडाचा आ करून उभी असलेली एक बाई.

"याला आपल्या खात्यात काय म्हणतात?" त्यानं विचारलं.

"तांडा पॅटर्न!" मागच्या खुर्च्यांवरून दोघा-तिघांनी एकदम उत्तर दिलं, आणि सभागृह हसलं.

मग त्यानं गोष्ट सांगितली. फार वर्षांपूर्वी फुलसावंगीच्या बाजूला एका तांड्यात एका निरक्षर बाईनं चाऱ्याच्या कुटारावर युरियाचं पाणी ओतलं आणि तसंच बैलांना खाऊ घातलं. दोन्ही बैल मेले. पत्रक घरात होतं, पण वाचणार कोण? "म्हणून मित्रांनो, तंत्रज्ञान देताना समोरचा माणूस अडाणी आहे हे धरूनच चला."

बोलताना तो माझ्याकडे बघत होता, कारण त्या काळी त्या कामावर मीच होतो हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं. मी मान हलवली. हसलो नाही असं म्हणायची सोय नाही, कारण त्या दिवशीच्या फोटोत मी हसतो आहे.

ती बाई निरक्षर नव्हती. त्या तांड्यात त्या वेळी पत्रक वाचू शकणारी ती एकटी बाई होती. तिनं ते पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचलं आणि त्यात लिहिलं होतं तसं केलं, म्हणूनच तिचे बैल मेले. पत्रक आमचं होतं. हे मला त्या वेळीही माहीत होतं आणि आमच्या साहेबांनाही माहीत होतं. एवढी वर्षं झाली, पण खात्याच्या तोंडी आजही 'तांडा पॅटर्न' आहे. 'साहेब पॅटर्न' असा शब्द कुणी काढला नाही.

मी मूळचा उमरखेडकडचा. आमच्या घरी बैल होते, आणि उन्हाळ्यात बैलांपुढे टाकायला कुटाराशिवाय काही नसे. मळणी झाल्यावर गव्हाचा, तुरीचा जो भुसा उरतो ते कुटार. पोट भरतं, पण अंगी लागत नाही. वैशाखात बैलांच्या बरगड्या मोजून घ्याव्यात आणि मग पेरणीला त्यांनाच जुंपावं, हे लहानपणापासून बघितलेलं. शिकून नोकरी लागली ती गुरांच्या आहारावर काम करणाऱ्या एका केंद्रात, आणि मला वाटलं, आता याचं उत्तर शोधू.

आमच्याकडे एक खिडकीचा बैल होता. म्हणजे त्याच्या डाव्या कुशीला शस्त्रक्रिया करून भोक पाडलेलं आणि त्यात रबरी झाकण बसवलेलं. झाकण काढलं की हात थेट पोटात. कोपरापर्यंत आत घातला की गरम, ओलं, सारखं हलणारं काहीतरी हाताला लागायचं. आंबट वास अंगाला असा चिकटायचा की बायको मला मागच्या दारानं घरात घ्यायची. नायलॉनच्या लहान पिशव्यांत कुटार भरून, दोरीनं बांधून, मी त्या बैलाच्या पोटात सोडायचो आणि ठरल्या वेळी ओढून काढून किती विरघळलं ते वजन करून बघायचो. बैल निवांत रवंथ करत उभा असायचा. त्याला चारापाणी घालणारे काका म्हणायचे, "साहेब, तुमचा हात याच्या पोटात जेवढा ऱ्हायते ना, तेवढा घरच्या ताटात ऱ्हायत नसन."

लांबून लोक बघायला यायचे. काही जण झाकणाला हात जोडायचे. एक म्हातारा म्हणाला, "बाप्पा! आमच्या साहेबलोकायले अशी खिडकी असती तं कोनं किती खाल्लं ते दिसलं असतं."

त्या खिडकीतून मी एक गोष्ट शिकलो. कुटार बैल पचवत नाही. त्याच्या पोटात डोळ्यांना न दिसणारे अगणित जीव असतात, ते पचवतात, आणि त्यांच्या जिवावर बैल जगतो. युरियाचं पाणी शिंपडून कुटार दाबून, झाकून ठेवलं तर ते आतल्या आत मऊ पडतं आणि त्या जीवांना त्यातून चांगलं खाद्य मिळतं. पण याला वेळ द्यावा लागतो. खड्ड्यात तीन आठवडे झाकून ठेवायचं, उघडल्यावर डोळे झोंबणारा वास उडून जाऊ द्यायचा, मग जनावरापुढे टाकायचं. असं केलं तर ते खाद्य. आज ओलं केलं आणि आजच घातलं तर तोच युरिया पोटात झपाट्यानं फुटतो, रक्तात जातो, आणि बैल काही तासांत मरतो. खाद्य आणि विष यांत फरक फक्त त्या झाकलेल्या दिवसांचा.

आमच्या प्रयोगाच्या बैलांवर हे उत्तम साधलं. वरून आदेश आला, गावागावांत न्या, पत्रक काढा. पत्रक लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी इथला.

पाण्यात युरिया किती विरघळवायचा ते सांगून पुढे मी लिहिलं होतं : 'कुटार तीन आठवडे मुरवून द्यावे.'

आमच्या भागात मुरवणं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. घराघरांत लोणच्याची बरणी असते. मुरायला टाकलं म्हणजे दाबून, फडकं बांधून ठेवून द्यायचं, मध्ये हात लावायचा नाही, आणि मुरल्याशिवाय काढायचं नाही. माझी सगळी कृती त्या एका शब्दात होती.

आमचे साहेब बाहेरून बदलून आलेले, भाषेचे मोठे शौकीन. त्यांनी लाल पेन उघडलं.

"मुरवून? हे पशुविज्ञान आहे की पाककृती?"

"सर, इथं लोकांना तोच शब्द कळतो."

"लोकांना कळतो म्हणून आपण स्वयंपाकघरात जाऊन बसायचं का? वर हे दिल्लीपर्यंत जाणार आहे. लोणचं घालताय का बैलाचं?" टेबलाभोवतीचे सगळे हसले. साहेबांनी 'मुरवून' खोडलं आणि वर लिहिलं 'भिजवून'.

मी म्हणालो, "सर, भिजवणं वेगळं."

"पाणी घालायचं आहे ना? मग भिजलंच."

वाक्य झालं : 'कुटार तीन आठवडे भिजवून द्यावे.' त्याखाली एक ओळ होती, ती तशीच राहिली : 'जनावर सुरुवातीस खात नसल्यास थोडा गूळ मिसळावा.' झाकण्याबद्दलचं वाक्य जागा पुरेना म्हणून चित्रावर सोपवलं होतं, आणि छापखान्यात ते चित्र इतकं काळं आलं की खड्डा आहे की म्हैस आहे ते ओळखू येत नव्हतं. छापायला देण्याआधी शेवटच्या कागदावर सही माझी होती.

आता ते वाक्य आमच्याकडच्या कुठल्याही बाईच्या डोळ्यांनी वाचा. भिजवायचं काय असतं? सरकी आणि ढेप, म्हणजे पेंड. सरकी संध्याकाळी भिजू घालायची आणि सकाळी बैलापुढे ठेवायची. सगळ्या कापूस मुलखात पिढ्यान् पिढ्या हेच चालत आलं आहे. तीन आठवडे कुणी काही भिजवत नाही, सडून जाईल. मग 'तीन आठवडे भिजवून द्यावे' याचा अर्थ काय? रोज भिजवायचं, रोज द्यायचं, असं तीन आठवडे करायचं. डॉक्टरच्या औषधाच्या बाटलीवर लिहिलेलं असतं तसं. दुसरा अर्थ काढायला आधीच सगळं माहीत असावं लागतं. आम्हाला माहीत होतं, म्हणून आम्हाला वाक्य बरोबर दिसलं.

प्रात्यक्षिक फुलसावंगीला बाजाराच्या दिवशी ठेवलं. खड्डा खणला, थर लावले, ताडपत्री ओढली, वर माती टाकली. मी घसा कोरडा होईपर्यंत बोललो. सगळे पुरुष होते. बायकांना बोलवावं हे आमच्या कुणाच्या डोक्यातही आलं नाही, आणि गुरांचं चारापाणी घरोघर करतात बायका. त्या तांड्यातूनही चार-पाच जण आले होते. एकालाही वाचता येत नव्हतं. त्यांनी बघितलं, घरी जाऊन खड्डे खणले आणि बघितलं तसं केलं. त्या बाईचा नवरा त्या दिवशी तेवढा वेळ बैलाच्या गळ्यातल्या घुंगरमाळेचा भाव करत होता. परतताना त्यानं पत्रक घेतलं आणि घरी बायकोच्या हातात दिलं, कारण बायको सातवी शिकलेली.

ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांचे बैल वाचले. जिला वाचता येत होतं तिचे मेले. हे वाक्य मी कितीतरी वर्षं मनात घेऊन फिरतो आहे आणि एवढ्या उशिरा कागदावर लिहितो आहे.

तिनं पाण्यात युरिया विरघळवला, कुटार भिजवलं, सकाळी बैलांपुढे टाकलं. बैलांनी तोंड लावलं नाही. कडू लागलं असणार. तिनं पत्रक पुन्हा वाचलं आणि गूळ मिसळला. बैलांनी पाटी चाटूनपुसून साफ केली. दुपारच्या आत एक थरथरायला लागला, तोंडाला फेस, पोट नगाऱ्यासारखं. ताक पाजा, चिंचेचं पाणी पाजा असं शेजारचे ओरडत होते. आंबट पाजणं बरोबरच होतं, पण फार उशीर झाला होता. दुसरा बैल पहिला मरताना बघत उभा होता. मग तोही बसला.

चौकशीला आम्ही तिघे गेलो. साहेब, तालुक्याचे एक अधिकारी आणि मी. शाळेतून लोखंडी खुर्च्या आणून कडुनिंबाखाली मांडल्या. तांड्याचा नायक, म्हणजे तिथला प्रमुख, शेजारी उभा. ती नवऱ्याच्या मागे नव्हती, पुढे होती. हातात पत्रक.

साहेबांनी विचारलं, "बाई, युरिया विष असतं हे माहीत नव्हतं का?"

"हाये ना माहीत. पन तुमीच तं लिवलं."

"आम्ही काय लिहिलं?"

तिनं बोट ठेवून वाचलं. एकही अक्षर न अडखळता. "कुटार तीन आठवडे भिजवून द्यावे. मंग मी भिजवलं अन् देल्लं."

"अहो, तीन आठवडे भिजवायचं आणि मग द्यायचं!"

"तीन आठवडे कोन भिजवते, सायब? सडत नाही का? आन् भिजवाचंच नव्हतं, झाकाचं होतं म्हनतात हे लोक. मंग झाका म्हनून काहून नाही लिवलं?"

कुणीतरी मागून खिदळलं. नायक म्हणाला, "चूप बस माय." साहेबांचा चेहरा लाल झाला. त्यांनी विचारलं, "शिक्षण किती?"

"सातवी."

"सातवीत हे समजत नाही," साहेब म्हणाले. मग ती माझ्याकडे वळली. मी इथल्यासारखं बोलतो हे तिला आल्या आल्या कळलं होतं.

"भाऊ, तुमी सांगा. तुमी इकडलेच हा ना? मी चुकीचं वाचलं का?"

मी खाली बघितलं. पायाशी निंबोळ्या पडल्या होत्या. त्या कशा पडल्या होत्या ते मी अजून सांगू शकतो. मी त्या मोजत राहिलो.

अहवालात आलं : 'लाभार्थी निरक्षर असल्याने सूचनांचे पालन झाले नाही.' निरक्षर! आमच्यासमोर उभं राहून तिनं आमचंच पत्रक आम्हाला वाचून दाखवलं होतं. मी जीपमध्ये साहेबांना म्हणालो, "सर, निरक्षर कसं लिहायचं?"

ते म्हणाले, "मग काय लिहू? पत्रक चुकलं? उद्या योजना बंद. तुमचं सगळं काम पाण्यात. कुठलाही शेतकरी पुन्हा कुटाराला युरिया लावणार नाही. त्यापेक्षा एक बाई निरक्षर झाली तर काय बिघडलं?"

मी सही केली. मला बढतीची लालूच नव्हती, धमकीही कुणी दिली नव्हती. माझं काम खरं होतं आणि ते जगावं असं मला वाटत होतं, एवढंच कारण. खऱ्या कामासाठी केलेली लबाडी माणसाला किती स्वच्छ वाटते हे मला त्या वेळी कळलं, आणि त्याची किळस यायला पुढची वर्षं लागली. पत्रक गुपचूप बदललं. नव्या छपाईत 'हवाबंद झाकून' असा शब्द आला. साहेब गेले, दुसरे आले. मी वर चढत गेलो, परिषदांना गेलो, खिडकीच्या बैलाचे फोटो पडद्यावर दाखवले, टाळ्या घेतल्या. ती गोष्ट मात्र खात्यात फिरत राहिली. एकाकडून दुसऱ्याकडे जाताना तिच्यातलं पत्रक गळालं, साहेब गळाले, मी गळालो. बैल आणि बाई तेवढे राहिले.

प्रशिक्षणानंतर दोन दिवसांनी मी आमच्या केंद्राच्या आताच्या प्रमुखांकडे गेलो. वयानं माझ्या मुलासारखे. मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, चहा मागवला.

"सर, मी ते चित्र काढून टाकायला सांगतो. विषय संपला."

"काढून कसा संपेल? दुरुस्त करा. खरं काय झालं ते त्याच जागी सांगा."

"सर, आता कशाला? ते साहेब नाहीत. त्या बाई तरी असतील की नाही कुणास ठाऊक. उगाच संस्थेचं नाव..."

संस्थेचं नाव! तांड्याचं नाव गावोगावच्या प्रशिक्षणात हशा पिकवायला वापरताना कुणाला नावाची काळजी नव्हती. मी चहा तसाच ठेवून उठलो. बाहेर रिक्षावाल्यानं विचारलं, "काका, बीपी वाढलं का?" मी म्हणालो, "वाढायला पाहिजे होतं तेव्हा वाढलं नाही."

मग मी तांड्यावर गेलो. उमरखेडची एसटी, फाट्यावर उतरून पुढे ऑटो. सिमेंटचा रस्ता, मोबाइलचा टॉवर, दारोदार मोटारसायकली. बैल मोजकेच दिसले. तिचं घर विचारायला लागलो तर किराणा दुकानातला माणूस म्हणाला, "कोन? युरियावाली याडी? ते काय तिकडं, निळं दार."

याडी म्हणजे आई. तांड्यात म्हाताऱ्या बाईला असंच म्हणतात, त्यात मान असतो. पण युरियावाली! सासरी आलेल्या सुनांना, नातवंडांना तिची ओळख हीच.

ती ओसरीत तूर पाखडत होती. केस पांढरे, पाठ ताठ. मी नाव सांगायच्या आत तिनं सुपावरून नजर वर केली.

"तुमी ते. निंबाखाली बसले होते. निंबोळ्या मोजत."

मी हो म्हणालो. तिनं बसायला सांगितलं नाही. मी आपणहून पायरीवर बसलो आणि घोकून आलेलं सगळं बोलून टाकलं. तुम्ही बरोबर वाचलं होतं, वाक्य आमचं चुकलं होतं, शब्द कसा खोडला गेला, अहवालात काय लिहिलं. तिनं सूप मांडीवर थांबवून ऐकलं.

"हे मले माहीत हाये," ती म्हणाली. "मी तवाच सांगतलं होतं. तुमाले नव्यानं समजलं का?"

"नाही. तेव्हाच माहीत होतं."

"मंग आता कायले आले? मराच्या आधी हलकं व्हाले?"

सूप पुन्हा हलायला लागलं. पाखडता पाखडता ती बोलत राहिली, माझ्याकडे न बघता. बैल गेले ते गेले, दुसरे आले. पण नवऱ्यानं पुन्हा तिच्या हातात कागद दिला नाही. बियाण्याची पिशवी असो, दवाखान्याची चिठ्ठी असो, शेजारच्या पोराकडून वाचून घ्यायचा, पोराला वाचता येत नसलं तरी. सासू म्हणायची, शिकलेली सून आणली अन् बैल खाल्ले. ती कुणाला काही सांगायला गेली की कुणीतरी म्हणायचं, "तू वाचू नको माय, कोनी मरन." लोक हसायचे. पुढे पुढे तीच म्हणायला लागली, मले नाही येत वाचता.

"निरक्षर लिवलं ना तुमी? मंग झालो मी निरक्षर. तुमचा कागद खरा झाला."

एवढा राग मी त्याआधी कधी ऐकला नव्हता, आणि तो इतक्या खालच्या आवाजात होता की शेजारच्या घरात कुणाला ऐकू गेला नसेल. मी प्रशिक्षणातल्या चित्राचं सांगितलं. ते काढून टाकणार आहेत, असंही सांगितलं.

"काढाचं कायले?" सूप थांबलं. "काढलं म्हनजे मी नव्हतोच का? हासले ना ते पोरं? मंग त्यायलेच सांगा, हासाचं कोनावर होतं. आन् इथं बी सांगा. मले एकटीले पायरीवर सांगून काय करता? नायकाच्या घरासमोर सांगा, चार मानसं बसते तिथं. नायक मेला, त्याचा लेक हाये आता."

संध्याकाळी तिथं सांगितलं. नव्या नायकानं खुर्ची दिली, मी उभाच राहिलो. पोरं मोबाइलमधून डोकं वर काढून ऐकत होती. किराणा दुकानातला माणूस अवघडून म्हणाला, "आमी तं लाडानं म्हनत होतो, साहेब." कुणी त्याच्याकडे बघितलं नाही. ती मागे, बायकांत, उभी होती. माझं बोलणं संपल्यावर ती घरी गेली.

राहिलं होतं ते खात्याचं. मी लेखी मागणी केली, पुन्हा केली. उत्तर आलं नाही. केंद्राच्या स्मरणिकेसाठी मी हेच सगळं लिहून दिलं तर 'आठवणी सकारात्मक असाव्यात' असा निरोप आला. म्हणून हे इथं लिहितो आहे, आणि प्रशिक्षणातल्या त्या हुशार मुलाला हा मजकूर मी स्वतः पाठवणार आहे. त्याचा दोष नाही. त्याला जे मिळालं ते त्यानं पुढे दिलं. पण पुढच्या वेळी तो पडद्यापुढे उभा राहील तेव्हा त्यानं ते वाक्य फळ्यावर लिहावं, 'कुटार तीन आठवडे भिजवून द्यावे', आणि समोरच्या पदवीधरांना विचारावं, तुम्ही काय केलं असतं? ज्याला सरकी भिजवायची माहीत आहे तो खरं उत्तर देईल. ते उत्तर ऐकून कुणाला हसू आलं तर हसावं.

छापायला देण्याआधी एक काम केलं. आधीचं पत्रक लोकांत जाण्यापूर्वी ज्यांच्यासाठी होतं त्यांना दाखवलं नव्हतं. या वेळी मी हे कागद घेऊन पुन्हा तांड्यावर गेलो. मी वाचून दाखवायला लागलो तर तिनं हात पुढे केला.

"आना इकडे."

शेजारणीचा चष्मा मागवून तिनं डोळ्यांवर चढवला, नाकावर बसेना म्हणून हातानं धरला, आणि बोट ठेवून सुरुवात केली. ओठ हलत होते. पहिल्या पानाला फार वेळ लागला, पुढे बोट जरा भराभर सरकायला लागलं. नात शेजारी उभी राहून आजीकडे बघत होती. तिनं आजीला वाचताना कधी बघितलंच नव्हतं. वाचता वाचता आजी एकदा थांबून म्हणाली, "घुंगरमाळ नाही, झूल. झुलीचा भाव करत होता." मी म्हणालो, बदलतो. "ऱ्हाऊ द्या. दोन्ही बी घेतले नाही त्यानं."

शेवटच्या पानावर बोट थांबलं. शेवटी मी लिहिलं होतं की त्या संध्याकाळी निघताना मी तिच्या दारात गेलो तेव्हा तिनं मला चहा दिला आणि मोठ्या मनानं मला माफ केलं.

"चहा देल्ला होता," ती म्हणाली. "माफीचं कुठून आनलं? मी कवा म्हनलं?"

"तसं वाटलं मला."

"तुमाले वाटते ते नका लिवू. झालं ते लिवा. हे काढा."

मी खिशातून पेन काढून तिच्यासमोर ते वाक्य खोडलं. खोडलं की नाही ते तिनं चष्मा धरून नीट बघितलं, आणि मग कागद माझ्या हातात दिले.